हसरा कौल

आई स्कूटरवरून पडली याचं बी-हूनला एक वेळ इतकं वाईट वाटलं नसतं. वाईट याचं वाटलं, की आई पडल्यानंतरही ती तिच्याशी बोलत राहिली. मासळीच्या तळ्यांमधल्या बांधावरून थेट सिग्नलपर्यंत, या हंगामात कालवांचा भाव कसा कोसळलाय हे ती मागं न बघता सांगत होती. आई मध्ये बोलत नाही म्हणजे आपलं म्हणणं तिला पटतंय, असं समजून ती जरा खूशही झाली होती. सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या टेम्पोतून आईचाच आवाज आला, "हून, मी इथं आहे गं." डुकराचं मटण विकणाऱ्यानं तिला शिंपांच्या ढिगावरून उचलून आपल्या शेजारी बसवलं होतं, आणि तिच्या मांडीवर त्यानं दिलेली कलेजीची पिशवी होती.

एवढ्यावर निभावलं असतं. पण आईनं ही हकीकत दोन्ही मुलांना फोनवर वेगवेगळी सांगितली. थोरल्याला सांगितलं, जरा घसरले. धाकट्याला सांगितलं, मेलेच होते, मटणवाल्यानं परत आणलं. रविवारी दोघेही बूदाईच्या समुद्राकाठच्या श्याउ कुटुंबाच्या घरात हजर झाले, आणि दोघांच्याही तोंडी एकच वाक्य होतं, की आता आईसाठी गाडी घ्यायची. या दोन भावांचं एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि तो चहा होईपर्यंत टिकला.

"पांढरी आहे," थोरला बुन-हियोंग म्हणाला. हा च्याई शहरात भूगोलाचा शिक्षक होता, निवृत्त झाला तरी वर्गात उभं राहिल्यासारखाच बोलायचा. "आमच्या संगीताच्या बाईंची. घर ते शाळा आणि शाळा ते घर. तिसऱ्या गिअरच्या पुढे बाई कधी गेल्या नाहीत."

"म्हणजे चौथा गिअर कोराच असेल," एंग-सून म्हणाला. हा धाकटा. तो माशांचं खाद्य विकायचा आणि जगात असा एकही धंदा नव्हता ज्यात त्याचा मित्र नव्हता. "आणि दादा, नंबर बघितलास का तिचा? त्यात चार हा आकडा दोनदा आहे. चार म्हणजे मरण. म्हातारीला दोनदा मारतोस?"

"मी शिकलेला माणूस आहे. दोन शब्दांचे उच्चार सारखे म्हणून मी घाबरत नाही."

"मग मोबाइलला चार नसलेला नंबर मिळावा म्हणून किती जास्त मोजलेस?"

बुन-हियोंगनं चहाचा कप उचलला. त्याची बायको सिओक-चिन पेरू कापत होती, ती मान वर न करता म्हणाली, "बाराशे."

एंग-सूनची गाडी लाल होती. मित्राची होती हे सांगायला नको. दिसायला झकास, वयानं कोवळी, किंमतही पांढरीपेक्षा कमी. दोन दिवसांपूर्वी त्यानं ती दाखवायला म्हणून दारात आणून लावली होती आणि तेव्हा बी-हूननं पायाखालचा गालिचा उचलून पाहिला होता.

"खाली कोळंबी होती," बी-हून म्हणाली. "सुकलेली."

"समुद्राकाठची गाडी आहे. कोळंबी असायचीच."

"सीटच्या आत चिखल पण होता, धाकट्या दादा. ती गाडी पुरात बुडालेली आहे."

"बुडाली असेल, पण वर आली ना? जी गाडी एकदा पोहून आली ती चांगलीच असणार."

खरं तर बी-हूनच्या मनात तिसरीच गाडी होती. बाजारात सोयाचं गोड दही विकणाऱ्या बाईंची छोटी पिवळी गाडी. नवरा गेल्यापासून बाईंनी ती दुकानामागं झाकून ठेवली होती. बी-हून तीनदा जाऊन तिच्यात बसून आली होती. आत आल्याच्या पाकाचा वास होता, गालिच्याखाली कोरडं होतं आणि मागं घेताना गाडी आपलं ऐकते असं तिला वाटलं होतं. शेहेचाळिसाव्या वर्षी तिसऱ्या खेपेला लायसन्स मिळवलेल्या बाईला, आपलं ऐकणारी गाडी भेटणं ही मोठी गोष्ट होती. पण तिला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची या घरात तिला सवय नव्हती.

भावांची गाडी आता रंगावरून नावावर आली.

"माझ्या नावावर घेऊ," बुन-हियोंग म्हणाला. "शिक्षकाला विमा स्वस्त पडतो."

"माझ्या. मला ती धंद्याच्या खर्चात दाखवता येईल."

"आई कुणाच्या धंद्याचा खर्च नाहीये."

"मी माझा वाटा देतोय. वाटा देणाऱ्यानं नाव मागितलं तर काय चुकलं?"

बी-हून कालवं सोलायची सुरी पुसत बसली होती. हे राहतं घर दोन भावांच्या नावावर होतं. तळ्याचा तुकडा थोरल्याच्या. तिची रोजची स्कूटर अजून मेलेल्या बाबांच्या नावावर होती, इतकी की वेगाच्या दंडाची पावती बाबांच्या नावानं यायची आणि आई ती त्यांच्या फोटोपुढे ठेवून म्हणायची, "बघा, अजून किती जोरात चालवता." भिंतीलगतच्या कपाटावरच्या देव्हाऱ्यात श्याउंच्या पितरांची पाटी होती. लग्न न झालेल्या लेकीला मेल्यावर त्या पाटीवर जागा नसते. हे बी-हूनला लहानपणापासून माहीत होतं आणि त्याचं तिला रडू येत नसे. फक्त जिवंतपणी एखादी वस्तू, लहानशी का होईना, आपल्या नावावर असावी असं तिला फार वाटायचं. आणि आज ती वस्तू दोन भाऊ तिच्या डोळ्यांदेखत आपापल्यात वाटून घेत होते.

"भांडू नका," आई म्हणाली. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, आणि त्यासाठीच तर दर आठवड्याला शहरात जावं लागत होतं. "बाबांना विचारा. ते हो म्हणतील तीच घ्या. ज्या गाडीला त्यांचा होकार नाही, तिच्यात मी बसायची नाही. चालत जाईन."

आई चालत जाईन म्हणाली की खरंच जायची. एकदा दोन गावं ओलांडून गेली होती. त्यामुळे विषय संपला.

बाबांना विचारणं म्हणजे कौल लावणं. देव्हाऱ्यापुढे दोन लाकडी ठोकळे असतात, चंद्रकोरीच्या आकाराचे, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर. प्रश्न सांगायचा आणि ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट, एक फुगीर वर आला तर होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. दोन्ही सपाट वर आले तर पितर हसले म्हणायचे, आणि हसले म्हणजे काय ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. मोठ्या प्रश्नाला होकार लागोपाठ तीनदा यावा लागतो.

बुन-हियोंगनं उदबत्ती लावली, गुडघे टेकले आणि रीतीप्रमाणे आपलं नाव, जन्मतारीख आणि घराचा पूर्ण पत्ता सांगितला. बाबा याच घरात जन्मले आणि याच घरात गेले, तरी पत्ता सांगावाच लागतो. मग त्यानं पांढऱ्या गाडीची माहिती दिली. इंजिन सांगितलं, मायलेज सांगितलं. नंबर जरा भरभर सांगितला.

ठोकळे पडले. दोन्ही सपाट.

"हसले," आई म्हणाली.

"चार ऐकू आला त्यांना," एंग-सून म्हणाला आणि भावाला बाजूला सारून बसला. त्यानं लाल गाडीची अशी तारीफ केली की समोर गिऱ्हाईक असतं तर पैसे मोजून मोकळं झालं असतं. ठोकळे पडले. दोन्ही सपाट.

"कोळंबीला हसले," बुन-हियोंग म्हणाला.

मग प्रश्न बदलून पाहिले. नवी घेऊ का, विचारलं. हसले. रिक्षावाल्याला महिन्याचे पैसे बांधून देऊ का, विचारलं. हसले. दोन चाकांना जोडतात तशी तिसऱ्या चाकाची पेटी स्कूटरला लावून आईला त्यात बसवू का, असं एंग-सूननं विचारलं तेव्हाही ते हसले, आणि या वेळी आईसुद्धा हसली. बाबा जिवंतपणी असेच होते. कधी सरळ 'हो' नाही, कधी सरळ 'नाही' नाही. बी-हून एकोणीस वर्षांची असताना भावांबरोबर घरचा निळा ट्रक चालवायला शिकू का, असं तिनं विचारलं होतं, तेव्हाही ते नुसते हसले होते. घरातल्या सगळ्यांनी त्याचा अर्थ 'नाही' असा घेतला. बी-हूननंही घेतला. तो कुणी ठरवला हे आता कुणाला आठवत नव्हतं.

"त्यांना दुसरंच काही सांगायचंय," एंग-सून म्हणाला. "दादा, आपण त्यांच्या वेळी कागदी गाडी जाळली होती ना?"

मेलेल्याला तिकडे पोचावं म्हणून अंत्यविधीला जाळलेलं कागदाचं घर तिमजली होतं. त्यात कागदी टीव्ही होता, कागदी फ्रिज होता आणि अंगणात काळी लांबलचक कागदी गाडी होती. सिओक-चिननं पेरूची ताटली खाली ठेवली.

"हो," बुन-हियोंग म्हणाला. "मग?"

"ड्रायव्हर होता का तिला?"

बुन-हियोंगनं बोटांवर हिशोब आठवून पाहिला.

"ड्रायव्हरचे आठशे वेगळे होते," बुन-हियोंग शेवटी म्हणाला. "मला वाटलं, तू सांगितलंस."

"मला वाटलं, तू."

"अरे पण," आई म्हणाली, "तुमच्या बाबांना चारचाकी चालवता कुठं येत होती?"

ट्रक कायम भाड्याचा माणूस चालवायचा, नंतर मुलं. बाबा त्याच्या शेजारी बसून हसायचे. म्हणजे दोन वर्षांपासून बाबा तिकडे त्या काळ्या गाडीत मागच्या सीटवर बसून आहेत आणि गाडी अंगणातून हललेली नाही, हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकदमच आलं. बुन-हियोंग शिकलेला माणूस होता, पण त्यानं बाबांच्या फोटोपुढे हात जोडले. एंग-सूननं तिथल्या तिथं कागदकाम करणाऱ्या कारागिराला फोन लावला. तोही अर्थात मित्रच होता.

"एकटा ड्रायव्हर मिळेल का? गाडी आहे आमची... हो, तिकडेच आहे... गाडीसकटच विकतोस? नाही, नवी गाडी परवडणार नाही. छोटी, जुनी मिळेल का? सेकंडहँड?" तो थोडा वेळ ऐकत राहिला. "तो म्हणतो, कागदाच्या गाडीला सेकंडहँड असं काही नसतं. एकदा वापरली की राखच होते."

"त्याला विचार, ड्रायव्हरला स्वतःची खोली लागते का," आई म्हणाली. "घरात एक रिकामी आहे."

ड्रायव्हर ठरला. पुढच्या आठवड्यात जाळायचा, असं बाबांना सांगून बुन-हियोंगनं मोठ्या आशेनं पुन्हा लाल आणि पांढरी दोन्ही विचारल्या. बाबा दोन्ही वेळा हसले.

आता पेरू संपला होता आणि सगळे दमले होते. बी-हूननं सुरी खाली ठेवली.

"मी विचारते."

"घरातला प्रश्न थोरल्यानं विचारायचा असतो," बुन-हियोंग म्हणाला, रागानं नाही, नियम सांगावा तसा.

"तुझ्या तोंडाकडे बघून ते मघापासून हसतायत," आई म्हणाली. "गाडी कोण चालवणार आहे? तिला विचारू दे."

बी-हून पुढे झाली. आईच्या बैठ्या स्टुलाच्या अगदी जवळच ती गुडघ्यांवर बसली. नाव सांगितलं, तारीख सांगितली, पत्ता सांगितला. मग म्हणाली, "बाबा, सोयावाल्या बाईंची पिवळी गाडी आहे. मी ती माझ्या नावावर घेतेय. पैसे मी देतेय. त्यांना बयाणा देऊन आलेय, बाकीचे उद्या दुपारपर्यंत द्यायचेत, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे."

"कुठले पैसे?" दोन्ही भाऊ एकदम म्हणाले. दिवसातलं हे त्यांचं दुसरं एकमत.

"भिशीचे. कालवं सोलणाऱ्या बायकांची भिशी आहे आमची. या महिन्यात मी उचलली."

"पण मग आमचा वाटा?" एंग-सून म्हणाला. त्याला खरोखरच लागलं होतं. आईला गाडी घेऊन दिली हे त्यानं मित्रांना सांगूनही टाकलं होतं.

"पेट्रोल भर," बी-हून म्हणाली, आणि ठोकळे टाकले.

एक सपाट. एक फुगीर.

दिवसभरात पहिल्यांदाच हसू सोडून काहीतरी आलं होतं. बुन-हियोंग नकळत उभा राहिला. बी-हूननं घाईनं दुसऱ्यांदा ठोकळे टाकले, तसा एक ठोकळा उडून आईच्या स्टुलाखाली, तिच्या पायघोळ विजारीच्या काठाआड गेला. बाहेरचा सपाट होता. आईनं सावकाश पाय बाजूला घेतला. आतला फुगीर.

"दोन," आई म्हणाली.

तिसऱ्यांदा बी-हूननं डोळे मिटले. एक ठोकळा तिच्यापुढ्यातच पडला, सपाट. दुसरा फरशीवर आपटला, घरंगळला आणि देव्हाऱ्याखालच्या जड कपाटाखाली थेट भिंतीपर्यंत गेला.

पुढचा गोंधळ सांगण्यासारखा नाही. कौल जिथं पडला तिथंच वाचायचा, हात लावायचा नाही. बुन-हियोंग आडवा झाला तर त्याचं पोट कपाटाच्या कडेला अडलं. एंग-सून वाकला आणि कमरेत धरून तसाच राहिला. कपाट हलवायला दोघे सरसावले, तसं आईनं ओरडून सांगितलं की पितर वर बसलेत, हलवाल तर खबरदार.

"मी बघते," सिओक-चिन म्हणाली.

ती फरशीवर पालथी झाली, गाल लादीला टेकवला आणि मोबाइलचा उजेड आत सोडला. आत धूळ होती, एक जुनं नाणं होतं, कपडे वाळत घालायचा एक हँगर होता. आणि भिंतीला टेकून तो ठोकळा होता. त्याची सपाट बाजू वर होती.

म्हणजे म्हातारा पुन्हा हसत होता.

सिओक-चिन तशीच पडून राहिली. एकतीस वर्षांपूर्वी ती या घरात आली, तेव्हापासून पेरू कापत आली होती. तिचं घर नवऱ्याच्या नावावर होतं. तिच्या फोनचं बिलही त्याच्याच नावानं यायचं, आणि चार नसलेल्या त्या नंबराचे बाराशे तिच्या शिवणाच्या पैशातून गेले होते. शेजारी उभ्या राहिलेल्या बी-हूनचे अनवाणी पाय तिला दिसत होते, कालवांच्या खाऱ्या पाण्यानं भेगाळलेले, आणि ते पाय अजिबात हलत नव्हते. तिला म्हाताऱ्याचा मनापासून राग आला. याला आयुष्यात एकदा तरी सरळ बोलता येऊ नये?

तिनं हँगर उचलला.

"काय आहे?" बुन-हियोंगनं वरून विचारलं.

"थांबा. धूळ आहे. नीट दिसत नाही."

हँगरच्या आकड्यानं तिनं ठोकळ्याची कड उचलली. तो आज्ञाधारकपणे उलटला.

"फुगीर," ती म्हणाली. "फुगीर आहे. तुम्ही येऊन बघा हवं तर."

बुन-हियोंगनं आपल्या पोटाकडे पाहिलं. एंग-सूनचा हात अजून कमरेवर होता. "तू म्हणतेस म्हणजे असणारच," बुन-हियोंग म्हणाला.

बी-हून मटकन खाली बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. एंग-सून तिच्या पाठीवर थोपटत म्हणाला की टायर मात्र मी बदलून देणार, माझा एक मित्र आहे. त्यावर तिला आणखीच रडू आलं आणि त्यातच हसूही आलं.

दोन्ही भाऊ संध्याकाळी गेले. सिओक-चिन मागं राहिली. तिला पिवळी गाडी बघायची होती. ती कप विसळत होती तेव्हा आई स्वयंपाकघरात येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

"कपाटाखाली काय होतं गं?"

सिओक-चिननं नळ बंद केला नाही. "हसत होते," ती म्हणाली.

"वाटलंच मला."

"आई, आणि दुसरा? तुमच्या पायाशी पडला तो?"

"मला कुठं दिसतंय नीट," आई म्हणाली. "मी पाय हलवला, एवढंच. पायाला काहीतरी लागलं खरं."

सिओक-चिननं हातातला कप खाली ठेवला. "मग पहिला?"

आईनं बराच विचार केला. "पहिल्याला मी हात लावला नाही. पहिला त्यांचाच." कप पुसायला घेत ती म्हणाली, "एक मिळाला. त्यांच्याकडून एक म्हणजे खूप झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बी-हूननं सोयावाल्या बाईंना पैसे दिले, कागदांवर सहीच्या जागी आपला शिक्का उमटवला, आणि कुणी न सांगता कागद दोनदा वाचला. मालकाच्या रकान्यात तिचंच नाव होतं. बाईंनी गाडीच्या आरशाला बांधलेला लाल गोंडा सोडायला हात घातला, मग राहू दे म्हणाल्या आणि घाईघाईनं दुकानात निघून गेल्या.

आई पुढे बसली, सिओक-चिन मागं. तळ्यांमधल्या बांधावर गाडी लागली तेव्हा बी-हून दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि तिथून हलायचा तिचा विचार नव्हता. मटणवाल्याचा टेम्पो मागून आला, हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. बी-हून कालवांच्या भावाबद्दल बोलायला लागली. या आठवड्यात आणखी उतरलाय, असाच उतरत राहिला तर पुढची भिशी भरायची कशी, असं सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की आई बराच वेळ काही बोललेली नाही.

"आई?" ती म्हणाली. "आहेस ना?"

"आहे," आई म्हणाली. "तू पुढं बघ."